श्रीखंडाच्या डब्यातला ढब्बू

“अहो, बाहेर या. तुमच्या शाळेत नावं घालायला पोरं आलीत.”

इंदूची हाक ऐकूनही मी उठलो नाही. सकाळचे साडेनऊ वाजले होते. खिडकी बंद, पडदा ओढलेला, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेलो. निवृत्त होऊन अकरा महिने झाले होते. माझी शाळा आता कुठली आली?

“येताय, का सगळ्यांना तिकडंच आत पाठवू?”

ही धमकी होती आणि माझी बायको धमक्या खऱ्या करते. मी सदरा चढवला आणि बाहेर आलो.

दारात खरंच रांग लागली होती. समोरच्या बिऱ्हाडातली जुळी मुलं, वरच्या मजल्यावरचा चिन्मय आणि सगळ्यांत मागे शमिका. प्रत्येकाच्या हातात कुंडी. जुळ्यांच्या आणि चिन्मयच्या तर दोन्ही हातांत. त्या वर्षी त्यांच्या शाळेनं घरात एक झाड वाढवायला सांगितलं होतं. मग याचं बघून त्यानं आणि त्याचं बघून हिनं, असं करत इमारतीतल्या सगळ्या खिडक्या हिरव्या झाल्या होत्या. कराडला सैदापुरात आमची ती तीनमजली इमारत. मे महिना लागला की पोरं मामाच्या गावाला पळायची आणि जिन्यात चिमणीसुद्धा फिरकायची नाही.

“महिनाभर ही सात झाडं आपल्याकडं राहणार आहेत,” इंदू म्हणाली. “मी शब्द दिलाय.”

“मला न विचारता?”

“तुम्ही झोपला होता. छत्तीस वर्षं लोकांची पोरं सांभाळलीत, आता सात कुंड्या सांभाळून दाखवा.”

मुलं एकेक कुंडी ठेवत गेली. सोबत आलेल्या आया एकच वाक्य बोलत होत्या, “पाणी तेवढं घाला हं, गुरुजी.” शेवटी शमिका पुढं आली. आठ वर्षांची. दिवाळीनंतर वडिलांची बदली झाली म्हणून चिपळूणहून आलेली. इमारतीतल्या कुणाशी ती फारशी बोलत नसे. शाळेतून आली की आपल्या झाडाशीच गप्पा मारत बसते, असं तिची आई इंदूला सांगायची. ते झाड तिनं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात लावलं होतं. जाड जाड, गुबगुबीत पानांचं, वीतभर उंच.

“हे काय?” मी विचारलं.

“ढब्बू.”

“बाळ, मी झाडाचं नाव विचारतोय.”

“तेच सांगितलं.”

इंदूनं हसू दाबलं. शमिकानं डबा माझ्या हातात दिला, पण बोटं सोडली नाहीत.

“निशातनं दिलाय, माझ्या चिपळूणच्या मैत्रिणीनं. निघताना तिच्या झाडाची फांदी तोडून दिली होती तिनं. मी येईपर्यंत राहील ना हा?”

“राहील की.”

“नक्की?”

“शब्द दिला.”

इंदूचं बघून मीही शब्द देऊन बसलो. खालून तिच्या आईची हाक आली, “शमे, रिक्षा थांबलीय! गुरुजी, पाणी तेवढं घाला!” शमिकानं बोटं सोडली आणि जिना उतरून गेली.

आता अडचण अशी झाली, की सकाळचं ऊन येणारी एकच खिडकी आमच्या घराला होती आणि तिच्याखाली माझा पलंग होता. इंदूनं काही विचारलं नाही. पलंग सरकवला, पडदा बाजूला केला, खिडकीच्या कट्ट्यावर आणि जुन्या पेटीवर कुंड्या मांडल्या. दुसऱ्या दिवशी साडेसहालाच उन्हाची तिरीप थेट माझ्या डोळ्यांवर आली. कूस बदलली तर पामची पानं कानात. उठण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

उठलोच आहे तर काहीतरी करावं म्हणून मी कपाटातून एक कोरी वही काढली. सवयच ती. वहीत सात नावं घातली आणि खिडकीसमोर उभा राहून हजेरी घ्यायला लागलो.

“मनीप्लँट.”

“हजर, गुरुजी!” स्वयंपाकघरातून इंदू बारीक आवाज काढून ओरडली.

“कोरफड.”

“हजर!”

“ढब्बू.”

“हजर, पण पोट दुखतंय, घरी जाऊ का?”

“गप्प बस!” मी म्हणालो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हजेरी घेतली. तिसऱ्या दिवशी मनीप्लँटला दम दिला, कारण तो शेजारच्या पामच्या गळ्यात हात टाकून बसला होता. पाचव्या दिवशी इंदूच्या आधी मी उठलो.

पाण्याचा नियम मी पहिल्याच दिवशी करून टाकला होता. स्टीलचा एक पेला, काठोकाठ, रोज, सकाळी सातला. सगळ्यांना सारखा. शाळेत दुपारच्या खिचडीला मी स्वतः उभा राहत असे. पाटलाचा पोरगा असो की ऊसतोड कामगाराचा, एक डाव म्हणजे एक डाव. कुणाच्या ताटात शीत कमी नाही की जास्त नाही. आयुष्यात मला कशाचा अभिमान असेल तर त्याचा होता.

“अहो, कोरफडीला एवढं पाणी?” इंदूनं एकदा विचारलं.

“माझ्या शाळेत पंक्तिप्रपंच चालत नाही.”

“ती शाळेत नाही, कुंडीत आहे.”

मी तिकडं लक्ष दिलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी ढब्बूच्या पानावर धूळ दिसली म्हणून मी बोट लावलं, तर पान गळून खाली पडलं. दुसऱ्याला लावलं, तेही पडलं. खोड हाताला मऊ लागत होतं, पिकलेल्या केळ्यासारखं. अशक्त मुलाला आपण काय करतो? थोडं जास्त वाढतो. मी ढब्बूला अर्धा पेला जादा घातला.

संध्याकाळी फोन वाजला. चिपळूणहून शमिका बोलत होती. ती मामाकडं गेली होती आणि मामाचं घर निशातच्या घरापासून चार पावलांवर होतं.

“गुरुजी, ढब्बूला फोन द्या.”

“काय?”

“त्याच्याजवळ धरा ना!”

मी फोन श्रीखंडाच्या डब्याजवळ धरला. जिला इमारतीत कुणी दोन वाक्यं सलग बोलताना ऐकलं नव्हतं, ती मुलगी न थांबता बोलायला लागली. “ढब्बू, निशातला दात आलाय. तुझी आई केवढी मोठी झालीय माहितीय? खिडकीच्या वर! तू पण तेवढा होणार आहेस. रडू नकोस हं, मी येतेच आहे.” मी फोन धरून उभा होतो आणि माझ्या डोळ्यांदेखत आणखी एक पान गळालं.

“गुरुजी, कसा आहे तो?”

“मजेत,” मी म्हणालो.

छत्तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं. ते खोटं एका श्वासात तोंडातून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा कापडी पिशवीत घातला, वर रुमाल टाकला आणि ओगलेवाडीच्या रस्त्याला एक नर्सरी होती तिकडं निघालो. नर्सरीवाला रोपांना पाइपनं पाणी मारत होता. मला बघून त्यानं पाइप टाकला आणि पायाच पडला.

“गुरुजी! ओळखलंत का? दस्तगीर. दस्तगीर मुजावर. चौथीला होतो तुमच्याकडं.”

“अरे, तू! केवढा झालास! हे बघ बरं जरा.”

त्यानं डबा हातात घेतला, इकडून तिकडं फिरवला आणि तिरका केला. काठावरून पाण्याची धार लागली. दस्तगीर माझ्याकडं बघायला लागला.

“गुरुजी, हे झाड हाय का मासा?”

“का रे?”

“डब्याला खाली भोक नाही. पाणी जाणार कुठं? किती घालत होता?”

“रोज एक पेला. सातही झाडांना सारखा. मी कधी दुजाभाव केला नाही.”

दस्तगीर मातीच्या ढिगावर खाली बसला आणि पोट धरून हसला. मग रुमालानं तोंड पुसून म्हणाला, “माफ करा. पण हे झाड पानातच पाणी साठवतंय. याला पंधरा दिवसांनी घोटभर बास झालं. कोरफडीचं तसंच. आणि नेचा असला तर त्याला रोज पाहिजे. पोट बघून वाढायचं असतं, गुरुजी. मातीत बोट घाला, ओली लागली तर पेला परत न्या.”

“हं.”

“तुम्ही शाळेत पण असंच करत होता,” तो खोड कापता कापता सहज बोलून गेला. “तीसपर्यंत पाढे. सगळ्यांना. तो शिंद्यांचा हुशार पोरगा, त्यालाही तीस आणि मलाही तीस.”

“तुला राग होता का रे त्याचा?”

“छे! तुम्ही कधी हात उगारला नाही. रोज पाठीवरून हात फिरवून म्हणायचा, ‘उद्या येईल हं.’ मग जमत नाही म्हणून सांगायला जीभच उचलायची नाही. पण मला बाराच दिले असते ना, तर तेरावा मी माझा मी करून दाखवला असता.”

शाळेतला माझा अभिमान त्या मातीच्या ढिगावर पडला होता आणि दस्तगीरला त्याचा पत्ताही नव्हता. तो आपला खोड कापण्यात गुंग होता. आतून खोड काळं पडलेलं, शेंड्यापर्यंत. त्यानं ते टाकून दिलं आणि धड असलेली पानं निवडली. नऊ निघाली.

“हे घ्या. याचं पान मातीवर नुसतं ठेवलं तरी धरतं. थाळीत वाळू मिसळलेली कोरडी माती घ्या, वर ही ठेवा. आठ दिवस पाणी नाही. नंतर नुसतं बोटानं शिंपडायचं. आणि सारखं उचलून बघायचं नाही.”

“जगतील?”

“बघू. नऊतली चार-पाच तरी जगावीत.”

मी निघालो, चार पावलं गेलो आणि मागं फिरलो.

“दस्तगीर, अगदी या ढब्बूसारखं दुसरं झाड आहे तुझ्याकडं?”

“ढब्बू कोण?”

मग मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं निमूटपणे एक झाड आणलं, माझ्या डब्याच्या तळाला गरम सळईनं भोकं पाडली आणि त्यात ते लावून दिलं. उंची तीच, पानं तशीच.

घरी इंदूनं दार उघडलं आणि डब्याकडं बघितलं.

“हा कोण?”

“ढब्बू.”

“अहो, ढब्बू डावीकडं झुकलेला होता. याची मान ताठ आहे.”

“तिला काय कळणार आहे? आठ वर्षांची आहे.”

“एवढी वर्षं पोरांत काढलीत आणि हे म्हणताय?”

मी पानांची थाळी खिडकीच्या कोपऱ्यात ठेवली आणि वहीतली पानं नव्यानं आखली. प्रत्येक झाडाचा वेगळा रकाना. रोज सकाळी प्रत्येकाच्या मातीत बोट घालून बघायचं आणि मगच काय ते ठरवायचं. नेचा रोज मागायचा. पाम चार दिवसांनी. कोरफडीला मी पंधरा दिवस कोरडी ठेवली, तेव्हा कुठं तिच्या पानांनी अंग धरलं. कोण उजेडाकडं वळतो, कोण उन्हाला तोंड फिरवतो, हे सगळं मला समजायला लागलं. मग खुर्ची ओढून मी थाळीसमोर बसायचो. नऊ पानं नुसती पडलेली असायची. एक-दोन सुरकुतलीही. उचलून बघायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून मी बोटही लावलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात इंदूनं माझ्यासमोर झोपेच्या गोळ्यांची पट्टी धरली. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी रोज रात्री एक घ्यायला सांगितली होती.

“ही मागच्या महिन्यातली. बघा.”

पट्टीत पाचच गोळ्या कमी होत्या.

“घ्यायची राहून गेली असेल,” मी म्हणालो. “सकाळी लवकर उठायचं असतं ना.”

“उद्या डॉक्टरांकडं जाऊन त्यांना सांगू,” ती म्हणाली आणि पट्टी कपाटात ठेवली. “शमिका सोमवारी येतेय. तिला काय सांगायचं ते ठरलं का?”

“नाही.”

आता या गोष्टीला बारा वर्षं होतील, पण तो सोमवार मला काल घडल्यासारखा आठवतो. सकाळी आठला जिन्यात चपलांचा फटफटाट झाला आणि शमिका दारातून सरळ खिडकीपाशी गेली. ओठाच्या कडेला चहाचा थेंब, पाठीवर दप्तर तसंच.

“ढब्बू! केवढा झालास रे!”

तिनं डबा उचलून गालाला लावला. संपला प्रश्न. मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. स्वयंपाकघराच्या दारात इंदू झारा हातात घेऊन उभी होती आणि ढब्बूकडं न बघता माझ्याकडं बघत होती.

“निशातनं तुला पापा पाठवलाय,” शमिका त्या झाडाला म्हणाली आणि त्याच्या वरच्या पानाचा पापा घेतला.

ते मला सोसलं नाही.

“शमिका, तो ढब्बू नाही.”

तिनं झाड गालापासून लांब धरलं. “मग कोण आहे?”

“नर्सरीतून आणलंय. ढब्बू माझ्या हातून बुडाला. पाणी जास्त झालं.”

“किती घातलं?”

“एक पेला.”

“महिन्यातून?”

“रोज.”

“रोज!” तिचे डोळे मोठे झाले. “आणि मी फोनवर बोलत होते तेव्हा?”

“तेव्हा तो आजारी होता. मी तुझ्याशी खोटं बोललो.”

खालचा ओठ पुढं आला आणि थरथरायला लागला. “तुम्ही शब्द दिला होता.”

“हो. दिला होता.”

छत्तीस वर्षांत कितीतरी मुलं माझ्यासमोर अशी मान खाली घालून उभी राहिली असतील. त्यांना कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. मी कोपऱ्यातली थाळी आणली आणि तिच्यापुढं जमिनीवर ठेवली.

“एवढंच राहिलंय त्याचं. नऊ पानं.”

ती उकिडवी बसली. मग मी काही म्हणायच्या आत तिनं चिमटीत एक पान उचललं.

“अगं, उचलायचं नाही...”

तिनं ते उलटं केलं होतं. देठाला गुलाबी धाग्यांचा झुबका लोंबत होता आणि त्यात ज्वारीच्या दाण्याएवढी दोन हिरवी पानं एकमेकांना चिकटून बसली होती.

“गुरुजी! याला पाय फुटलेत!”

मी चष्मा शोधायला लागलो. तो डोळ्यांवरच होता. शमिकानं दुसरं पान उचललं, तिसरं उचललं. “याला पण! याला नाही... याला आहेत! आजी, बघा, ढब्बूची पोरं!” नऊपैकी सहा पानांना मुळं फुटली होती. ती प्रत्येकाला हळूच पुन्हा मातीवर ठेवत होती आणि पुटपुटत होती, “हा ढब्बू, हा पण ढब्बू, आणि हा निशातला परत द्यायचा.”

मग ती माझ्याकडं वळली. “तुम्ही एकदाही बघितलं नाहीत?”

“उचलून बघायचं नाही असं मला सांगितलं होतं.”

“आणि तुम्ही ऐकलंत?”

तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल निव्वळ कीव होती. इंदूनं तोंडाला पदर लावला आणि कांदेपोहे बघायला आत निघून गेली.

“पण शिक्षा होणार,” शमिका म्हणाली.

“व्हायलाच पाहिजे.”

“दहा वेळा लिहायचं. ‘मी झाडाला विचारल्याशिवाय पाणी घालणार नाही.’ खोटं बोलल्याबद्दल पण लिहायला लागेल, पण ते उद्या.”

तिनं दप्तरातून वही काढून मधलं जोडपान फाडलं, पेन्सिलीला टोक केलं आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. मी जमिनीवर मांडी घालून बसलो. ती माझ्या खुर्चीवर बसली. पाय खाली टेकत नव्हते, ते हलवत ती माझ्या कागदावर नजर ठेवून होती.

तिसऱ्या ओळीला म्हणाली, “अक्षर जरा मोठं काढा.”

पाचव्या ओळीला म्हणाली, “घाई करू नका. कुणी मागं लागलंय का?”

सातवी ओळ संपवून मी वर बघितलं, तर ती हात पाठीमागं बांधून, चष्मा नसताना चष्म्यावरून बघतात तसं बघत होती. “ओळ तिरकी जातेय, गुरुजी. तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.”

बेंबीच्या देठापासून काहीतरी वर आलं. आधी मला वाटलं, ठसका लागलाय. मग खांदे हलायला लागले, पेन्सिल हातातून गळून पडली, आणि मी हसायला लागलो. थांबेचना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, चष्मा निसटला, शेवटी भिंतीला पाठ टेकली तरी हसतच होतो.

इंदू धावत बाहेर आली. हात ओले, एका हातात कोथिंबिरीची जुडी.

“अहो, काय झालं? काय होतंय तुम्हाला?” मग ती दारातच थबकली. “हसताय? तुम्ही हसताय?”

तिचेही डोळे भरून आले होते. ती पुढं येऊन आणखी काही विचारणार, तेवढ्यात शमिकानं खुर्चीवरून बोट उभारलं.

“आजी, मध्ये बोलू नका. त्यांच्या अजून तीन ओळी राहिल्यात.”